ताट कोण ठेवतं?

१

दिवसभर माणसं मारणं ही माझी नोकरी आहे. सकाळी चहा घेऊन बसतो, दुपारच्या जेवणापर्यंत शंभरेक आडवे होतात. कधी बंदुकीने, कधी पान्याने, एकदा तर स्वयंपाकघरातल्या तव्याने. गेम बाजारात येण्याआधी तो खेळून त्यातल्या चुका काढायच्या. हे करणाऱ्याला टेस्टर म्हणतात. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला याहून मानाचं काम कोण देणार?

चुका काढणं तसा आमच्या घराण्याचाच धंदा. बाबांनी जन्मभर एका छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या सुधारता सुधारता त्यांचा हात इतका वळला होता, की आईने माहेरी लिहिलेल्या पत्रांवरही त्यांची लाल खूण पडायची. आई हसून सोडून द्यायची. मी हसून सोडणाऱ्यातला नाही. कॉलेज सोडतोय असं सांगितलं तेव्हा त्यांनी 'का' असं विचारलंच नाही. म्हणाले, "सोडतोय म्हणू नकोस. पळतोय म्हण." मग मीही बोललो. आई गेल्यावर कुणी मध्ये पडणारं राहिलं नव्हतं, त्यामुळे दोघांनीही पोटभर बोलून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "राहायचं तर राहा. पण माझ्याशी बोलू नकोस."

नाही बोललो. त्यांचा एवढा एकच शब्द मी आयुष्यात पाळला.

माझी खोली घराच्या मागच्या टोकाला. न्हाणीघर खोलीतच, त्यामुळे बाहेर पडायचं कारण उरत नाही. खुर्ची भिंतीला टेकलेली, आणि भिंतीपलीकडे बाबांची खोली. माझ्या कानांवर सदा हेडफोन. पहिल्या दिवशी त्यांनी जेवायला हाक मारली असणार, मला ऐकू आली नाही, म्हणून त्यांनी भिंतीवर ठोकलं. तेच रूढ झालं. दोनदा ठोकलं की दाराबाहेर ताट ठेवलंय. ताट आत घेतलं की मी एकदा ठोकायचं, मिळाल्याची पोच. प्रूफ तपासणाऱ्याला पोच लागतेच. जेवून झालं की रिकामं ताट बाहेर सरकवायचं. पुढच्या दारउघडीला ते तिथे नसतं.

ताटावर दुसरं ताट झाकलेलं, चमचा डावीकडे. बाबा डावखुरे. हातावर किती वर्षं छड्या खाल्ल्या तरी बदलले नाहीत, आणि मला म्हणणार, हट्टी कुणावर गेलाय कळत नाही.

एका वर्षात आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली असतील ती चुकून. ठोकाठोकी मात्र कधी चुकली नाही.

२

आता या गेमची गोष्ट सांगतो. हसू नका, यावर मोठमोठ्या माणसांनी मीटिंगा घेतल्यात.

एक तरुण आहे. मी त्याला ठोंब्या म्हणतो. पहिल्याच भागात गुंड त्याच्या घरात शिरतात आणि त्याच्या बापाला मारतात. गोळ्या चालतात, कपाट कोसळतं, काचा फुटतात. ठोंब्या कुठे असतो? पलीकडच्या खोलीत. हेडफोन घालून बसलेला. त्याला काहीच ऐकू येत नाही! गुंडही इतके सज्जन, की त्याच्या खोलीचं दार ढकलून बघत नाहीत. दुसऱ्या दिवशी ठोंब्या बाहेर येतो, बापाला बघतो, ओरडतो, आणि मग चौदा तास सूड घेत हिंडतो. ज्याला भिंतीपलीकडचा बाप वाचवता आला नाही, तो एकटा अख्ख्या शहराच्या गुंडांना लोळवतो.

हे ज्याने लिहिलं त्याला आम्ही लेखकराव म्हणतो. पन्नाशीचा आहे, आमच्या पिढीची नस आपल्याला सापडलीय असं त्याला वाटतं.

पण माझं डोकं अडकलं ते दुसऱ्याच ठिकाणी. दर मोहिमेनंतर ठोंब्या रक्तबंबाळ होऊन घरी येतो, आपल्या खोलीत जातो, दार लावतो. दार परत उघडलं की बाहेर जमिनीवर ताट असतं. वाफाळलेलं. तो जेवतो आणि जखमा बुजतात.

घरात कुणी जिवंत नाही. मी मुकादमाला फोन लावला. मुकादम म्हणजे आमच्या टेस्टरांच्या टोळीचा वरचा माणूस.

"एक शंका आहे."

"तुझ्या शंका म्हणजे बुटाला चिकटलेलं च्युइंगम. बोल."

"पहिल्या भागात बाप मेला ना?"

"मेला. माझ्यासमोर मेला. दोनशे वेळा."

"मग ताट कोण ठेवतं?"

"कुठलं ताट?"

"जेवणाचं. ठोंब्याच्या दाराबाहेरचं."

"अरे बाळा, ती तब्येत भरायची सोय आहे. कुठल्या गेममध्ये औषधाची पेटी असते, आपल्याकडे ताट आहे. त्यात काय?"

"पेटी पडलेली असू शकते. वाफाळलेलं ताट पडलेलं नसतं. ते कुणीतरी रांधलं, वाढलं, वाकून ठेवलं."

"खेळणारा विचारत नाही."

"मी विचारतोय ना."

"तुला कोण वाढतं रे घरी?"

"बाप."

"त्याला कधी विचारलंस? गपचूप गिळतोसच ना? मग ठोंब्यालाही गिळू दे." आणि त्याने फोन ठेवला.

मी नोंद केलीच. 'ताट कोण ठेवतं याचा खुलासा नाही. कथा पटत नाही.' मग सवयीने चित्र मोठं करून ताटाकडे पाहिलं. वर दुसरं ताट झाकलेलं. चमचा डावीकडे.

असतात. जगात डावखुरे चित्रकार असतात.

३

त्या आठवड्यात जेवणात मीठ नव्हतं.

बाबांच्या हातून बाकी काहीही सुटेल, मीठ सुटणार नाही. आई गेल्यावर साठीच्या उंबरठ्यावर ते स्वयंपाक शिकले आणि तोही प्रूफ तपासल्यासारखा, दर टप्प्याला चाखून. मला वाटलं, मुद्दाम करतायत. मी बाहेर येऊन मीठ मागावं, म्हणजे आधी कोण बोललं ते ठरेल. म्हाताऱ्यांचे डाव. मी अळणी भात गिळत राहिलो. एकही घास टाकला नाही, तेवढंच समाधान.

मग गेमची नवी आवृत्ती आली. पहिली मोहीम संपवून मी ठोंब्याला घरी आणला, खोलीत नेला, दार लावलं. आणि हेडफोनमध्ये आवाज आला. ठक ठक.

मी उठून दार उघडलं. माझं, खोलीचं. बाहेर ताट नव्हतं. जेवायची वेळही नव्हती. लांबट व्हरांडा, टोकाला उजेडाचा एक चौकोन, बाबांचं दार बंद.

परत बसलो. ठोंब्याचं दार लावलं. ठक ठक. पाठ भिंतीला टेकली होती, पाठीला काही जाणवलं नाही. म्हणजे आवाज गेममधलाच. कुणालाही दाराबाहेर ताट ठेवल्याचं सुचवायचं तर तो काय करील? ठोकेलच. तीनदा ठोकलं तर पोलीस वाटतात, एकदा ठोकलं तर काहीतरी पडल्यासारखं वाटतं. दोनदाच बरोबर. अशी मी स्वतःची समजूत घालत होतो तेव्हा हेडफोनमध्ये कुणीतरी खोकलं.

तो खोकला मी झोपेतही ओळखीन. आधी एक बारीक, मग घसा साफ केल्यासारखा एक लांब, आणि शेवटी वैतागून सोडलेला श्वास.

मी हेडफोन काढला. बाबा पलीकडे खोकत असणार, एवढंच. भिंत पातळ आहे. कान देऊन बसलो. पंख्याची घरघर. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. बाकी काही नाही.

हेडफोन घातला. खोकला.

काढला. शांतता.

ताईचा निरोप येऊन पडला होता. ती दुसऱ्या गावी असते, आठवड्यातून एकदा बाबांना फोन करते. 'बाबा फोन उचलत नाहीयेत. सगळं ठीक ना?'

मी लिहिलं, 'खोकतायत. ठणठणीत आहेत.'

४

आवाजाचं काम करणाऱ्या पोरीला मी विचारलं. ती म्हणाली, "घरातल्या प्रसंगात आम्ही आवाज टाकलेलाच नाही. नुसता पंखा आहे."

"खोकला?"

"कुणाचा? घरात आहे कोण?"

टेस्टरकडे एक सवलत असते, ती खेळणाऱ्याला मिळत नाही. मोकळा कॅमेरा. ठोंब्याला जिथल्या तिथे उभा ठेवायचा आणि आपली नजर सोडवून घेऊन भिंतीतून आरपार हिंडायचं. छताला भोक आहे का, खांब हवेत लोंबतोय का, असल्या गोष्टी बघायला.

मी ठोंब्याला त्याच्या खोलीत उभा केला, दार उघडं ठेवलं. नजर भिंतीतून पलीकडे नेली.

बापाची खोली. कपाट पडलेलं, काचा तशाच. आणि बाप. पहिल्या भागात जसा कोसळला तसाच, पलंगाला पाठ लावून, मान छातीवर. गेम बनवणाऱ्यांनी त्याला काढलाच नव्हता. चौदा तासांची गोष्ट, तेवढा वेळ तो तिथेच. ठोंब्या रोज त्या दारावरून येतो-जातो.

मी ठोंब्याला दार लावायला लावलं.

पलंगाजवळची जागा रिकामी झाली.

नजर व्हरांड्यात आणली, तेव्हा तो पाठमोरा होता. वाकत होता. म्हातारी माणसं वाकतात तसा, एक हात गुडघ्यावर ठेवून. ताट जमिनीवर टेकवलं. डाव्या हाताने भिंतीवर ठोकलं. आणि गेला नाही. तिथेच उभा राहिला, मान जराशी कलती करून. मला कळेना कशासाठी.

मग कळलं. पोचेसाठी.

ठोंब्याला ठोकता येत नाही, तसं बटणच दिलेलं नाही. तो बराच वेळ उभा होता. मी ठोंब्याचं दार उघडलं, व्हरांडा रिकामा, ताट तेवढं. नजर पलीकडे नेली. पलंगाला पाठ, मान छातीवर.

"आळशी पोरं!" मुकादम फोनवर हसत सुटला. "अरे, ताट ठेवायला पात्र लागतं. नवीन कोण घडवणार? बापाचं मढं पडलंच होतं, त्यालाच उठवलं असेल. ठोंब्या बघायला आला की आडवं, दार लावलं की उभं. बघत नाही तोवर जिवंत. भारी जुगाड!"

"तो थांबतो मुकादम. ताट ठेवून."

"अडकत असेल. नोंद कर, उद्या काढून टाकतो त्याला."

"नको."

"काय नको?"

"काढू नका. ताट बंद होईल."

मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "बाळा, चार दिवस सुटी घे. घरच्यांशी बोल जरा."

तेवढ्यात माझ्या पाठीला भिंतीतून दोन ठोके लागले.

५

मी खुर्चीतून उठलो नाही. पाठ ताठ करून बसलो. गेम बंद होता, हेडफोन गळ्यात होता. हे ठोके खरे होते, हाडाला लागलेले.

नेहमीसारखं दार उघडायचं, ताट आत घ्यायचं, दार लावायचं, एकदा ठोकायचं. हात भिंतीकडे गेला आणि तिथेच राहिला. पहिल्यांदाच वाटलं, पोच दिली नाही तर तो किती वेळ उभा राहील?

फोन वाजला. ताई.

"बाबांना दे."

"झोपलेत."

"दार उघडून बघितलंस?"

"ठोकलं त्यांनी आत्ता. ताट ठेवलंय."

"बाहेर ये आणि मला दाखव."

"ताई, कशाला उगाच..."

"तू त्यांना शेवटचं कधी बघितलंस?"

सरळ प्रश्न होता. मी बोटांवर दिवस मोजायला लागलो.

"बोल ना! दोघं एका घरात राहता ना? का धर्मशाळा आहे ती? एकाला मान खाली घालायला नको, दुसऱ्याला तोंड उघडायला नको. मी गाडीत बसलेय, संध्याकाळी पोचते. तोवर त्यांना हाक मार. भांडण नंतर पुरं करा, पण आधी हाक मार."

मी दार उघडलं. ताट होतं. झाकण हाताला गरम लागलं. ते तिथेच ठेवून मी व्हरांड्यातून पुढे गेलो.

पुढच्या दाराच्या फटीतून आत सरकवलेली वर्तमानपत्रं एकावर एक साचली होती. बाबा वर्तमानपत्र वाचत नाहीत, तपासतात. चहाआधी हातात लाल पेन लागतं. या गठ्ठ्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

स्वयंपाकघरात मोरी कोरडी. भांडी पुसायचं फडकं खिळ्यावर वाळून लाकडासारखं झालं होतं. शेगडीवर बोट फिरवलं, बोटाला धूळ आली. मिठाची बरणी ओट्यावर आडवी, झाकण पलीकडे लोळलेलं, मीठ सांडून दगड झालेलं. कुणीतरी मीठ घेता घेता मध्येच हात सोडल्यासारखं.

वास? नाही. तेच मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो. तसं काही असतं तर वास आला असता.

बाबांच्या दारासमोर उभा राहिलो. दाराला आतून कडी नसते, आई आजारी होती तेव्हापासून काढलेली आहे. नुसतं ढकलायचं. किंवा हाक मारायची. दोन अक्षरं, लहान पोरंही म्हणतात. माझ्या जिभेला ती उचलेनात.

एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. बघितलं की आडवा. दार लावलं की उभा.

मी दाराला हातही लावला नाही. ताई आली की ती ढकलेल, माझं काही ऐकणार नाही. ती चांगली मुलगी आहे, चांगली माणसं दारं उघडतात.

म्हणजे संध्याकाळपर्यंतच मला बाप होता.

६

डब्यात तांदूळ होते. शेगडी पुसली, पेटवली. मला भात येत नाही. पाणी जास्त झालं, शिवाय खाली लागला. मिठाचा खडा फोडून घातला, चाखला, आणखी थोडा घातला, परत चाखला. ताटात वाढला, वर दुसरं ताट झाकलं. चमचा उजवीकडे ठेवला, मग उचलून डावीकडे ठेवला.

त्यांच्या दाराबाहेर वाकलो. ताट टेकवलं. भिंतीवर दोनदा ठोकलं.

मग आपल्या खोलीत आलो आणि दार लावून घेतलं. त्यांचं थंड झालेलं ताट मी येताना आत आणलं होतं. खुर्ची भिंतीला नेऊन टेकवली, पाठ लावली, वाट बघितली. मी रोज जी पोच हात लांब करून सहज देऊन टाकायचो, तिच्यासाठी पलीकडे उभं राहणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी समजलं.

काही आलं नाही. खिडकीतला उजेड पिवळा होत गेला.

हेडफोन घातला. वायर मशीनमधून उपसून काढलेली, मांडीवर लोंबत होती. त्यात काहीही ऐकू यायला नको.

चमचा ताटाला लागल्याचा आवाज आला. हळू, एकसारखा. जेवताना बाबा बोलत नाहीत, तसे. मध्ये एकदा खोकले. मग बराच वेळ काही नाही. मग माझ्या पाठीला, खांद्याच्या जरा खाली, एक ठोका लागला.

मी रडलो नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. थंड भात पुढे ओढला आणि सगळा खाल्ला.

शेवटचा घास घेताना घंटी वाजली. पुढच्या दाराची. ताई. एकदा, दोनदा, मग बोट न काढता. तिला आत घ्यायचं तर मला खोलीचं दार उघडायला हवं, व्हरांड्यात यायला हवं, त्यांच्या दारावरून जायला हवं. मी जागचा हललो नाही.

हेडफोनमध्ये पलंग करकरला. सपाता पायात सरकवल्याचा आवाज. एक पाय जरा घासत टाकतात ते. सपाता व्हरांड्यात आल्या, पुढच्या दाराकडे वळायच्या त्या माझ्याकडे आल्या आणि माझ्या दाराशी थांबल्या. खालच्या फटीतून येणारा उजेड दोन ठिकाणी तुटला.

ते उभे होते. मान जराशी कलती असणार.

"बाबा," मी म्हणालो. वर्षभरात तो शब्द तोंडातून गेला नव्हता, माझा आवाज मला स्वतःलाच ओळखू आला नाही. "मीठ बरोबर झालं होतं?"

दारावर एक ठोका पडला.

फटीतला उजेड परत सलग झाला. सपाता घासत पुढे निघाल्या. घंटी वाजायची थांबली. कडी काढल्याचा आवाज आला, मग आमच्या पुढच्या दाराची ती जुनी कुरकुर. आता ते दोघं समोरासमोर आहेत. ती त्यांच्याकडे बघते आहे.

ती अजून काही बोललेली नाही.

हेडफोन काढला की कळेल. मी दोन्ही हातांनी तो कानांवर दाबून धरलाय.